भूमितीचा प्रोजेक्ट: प्रश्न शोधण्यापासून व्हायवापर्यंत

टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) किंवा चौथ्या वर्षाला भूमितीचा प्रोजेक्ट आला की पहिल्या आठवड्यात बहुतेक गट तीनच विषय घेऊन येतात: सुवर्ण गुणोत्तर, पायचा इतिहास आणि ‘दैनंदिन जीवनातील भूमिती’. तिन्हींवर चाळीस पानं सहज जमतात. अडचण पुढे येते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले सर ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल) चाळतात, मिटून ठेवतात आणि विचारतात, “यात तुमचं स्वतःचं काय?” मग सगळा गट एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो.

त्या प्रश्नाला उत्तर देता यावं, एवढ्यासाठीच हा लेख आहे. आपल्याकडे पदवीचा चौथा ‘ऑनर्स विथ रिसर्च’ वर्ग आला, प्रोजेक्टला क्रेडिट आलं, पण प्रश्न कसा शोधायचा हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. गुणांची विभागणी, पानांची मर्यादा, गटात किती जण, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं. ते आपल्या विभागात विचारा. बाकीचं इथे.

पोरं काय नवीन शोधणार?

असं कुणी म्हणालं तर त्यांना मार्जोरी राइस सांगा. अमेरिकेतल्या सॅन डिएगोची ही गृहिणी; गणिताचं शिक्षण शाळेपुरतंच. १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरात तिनं वाचलं की एकाच आकाराच्या बहिर्वक्र (म्हणजे कुठलाही कोपरा आत न दबलेल्या) पंचकोनी फरश्यांनी जमीन फटी न ठेवता भरण्याचे किती प्रकार आहेत हा प्रश्न चर्चेत आहे. तिनं स्वतःची खुणांची पद्धत तयार केली आणि पुढच्या दोनेक वर्षांत चार नवे प्रकार शोधले. पंधरावा प्रकार २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बॉथेल इथल्या तिघांना सापडला, आणि त्या तिघांपैकी डेव्हिड फॉन डेराउ हा पदवीचा विद्यार्थी होता. यापुढे सोळावा नाही, हे मायकेल राओ यांनी २०१७ मध्ये संगणकाच्या मदतीनं दाखवलं. कॅल्सिया जॉन्सन आणि नेकाया जॅक्सन या न्यू ऑर्लिन्सच्या शाळकरी मुलींनी पायथागोरसच्या प्रमेयाची त्रिकोणमितीनं केलेली सिद्धता २०२३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मांडली. त्यांचा लेख २०२४ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये आला.

आणि आपल्याकडे? देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत आहेत. पण त्याआधी, फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं होतं, तेही विद्यार्थ्यानं केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी. म्हणजे कॉलेजातल्या पोरानं स्वतःचं गणित करावं ही अपेक्षा पुण्यात शंभर वर्षं जुनी आहे.

तुमच्याकडून नवा प्रमेय कुणी मागत नाही. या सगळ्यांचा प्रश्न मात्र अगदी नेमका आणि छोटा होता, एवढं लक्षात ठेवा.

पायरी पहिली: एक अट बदला

विषय शोधू नका, प्रश्न शोधा. सगळ्यात खात्रीची रीत अशी: वर्गात शिकलेलं एक प्रमेय घ्या आणि त्यातली एकच अट बदला. त्रिकोणाऐवजी चौकोन, चौकोनाऐवजी पंचकोन, सपाट कागदाऐवजी गोल, नेहमीच्या अंतराऐवजी दुसरं अंतर. मग विचारा, जुना निष्कर्ष टिकतो का? टिकत नसेल तर किती बिघडतो? दुसरा प्रश्न बऱ्याचदा पहिल्यापेक्षा चांगला निघतो.

काही उदाहरणं देतो. हवं तर उचला, पण स्वतःची वळणं घालून.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. चौकोनी मांडणीच्या ठिपक्यांवर शिरोबिंदू असलेल्या कुठल्याही साध्या बहुभुजाचं क्षेत्रफळ नुसते ठिपके मोजून मिळतं: आतले ठिपके, अधिक कडेवरच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक. हे पिकचं प्रमेय, १८९९ सालचं. आता अट बदला. एकाआड एक ओळ सरकवून ठिपके काढले तर सूत्र काय होतं? आकृतीच्या मध्ये मोकळं भोक सोडलं तर? दोन भोकं? सरकवलेल्या ओळी योग्य अंतरावर घेतल्या तर त्या ठिपक्यांवर समभुज त्रिकोण बसतो, चौकोनी ठिपक्यांवर का बसत नाही? चार महिने पुरेल एवढं काम यात आहे आणि वही-पेन पुरतं. हेच त्रिमितीत करायला गेलात तर सूत्र मोडतं. ते का मोडतं हा थोडा वरच्या पातळीचा प्रश्न आहे.

दुसरं, चौकोनी जमिनीचं क्षेत्रफळ. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासरींचा गुणाकार करायचा, ही रीत फार जुनी. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली तिला स्थूल म्हटलं आणि शेजारीच सूक्ष्म सूत्र दिलं, जे चक्रीय चौकोनाला (ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात) लागू पडतं. स्थूल रीत कधीच कमी उत्तर देत नाही. आयत नसेल तर जास्तच देते. किती जास्त? कोणत्या आकाराच्या शेतात पाच टक्क्यांच्या आत राहते? (भास्कराचार्यांनी लीलावतीत म्हटलंय की कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. व्हायवाला हे वाक्य उपयोगी पडतं.)

तिसरं, शुल्बसूत्रांतली (यज्ञवेदी बांधण्याच्या प्राचीन ग्रंथांतली) चौरसाचं वर्तुळ करण्याची रीत. चौरसाच्या अर्ध्या बाजूत, अर्धा कर्ण आणि अर्धी बाजू यांच्यातल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा, ती त्रिज्या. वर्तुळ चौरसापेक्षा सुमारे १.७ टक्के मोठं येतं. एक तृतीयांशाऐवजी दुसरा कुठला सोपा अपूर्णांक घेतला तर चूक कमी होईल? अंश एकच ठेवायचा असेल तर एक तृतीयांशच सर्वांत चांगला का? इथे इतिहास आहे, पण इतिहास लिहून काम संपत नाही. आकडेमोड करावी लागते.

चौथं, ज्या शहरात रस्ते फक्त उभे-आडवे आहेत तिथलं अंतर. या अंतरानं काढलेलं ‘वर्तुळ’ तिरप्या चौरसासारखं दिसतं. दोन बिंदूंपासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू कधी रेषेसारखे पसरतात, तर कधी अख्खा प्रदेशच भरून टाकतात. तो प्रदेश नेमका कधी येतो, हे शोधा.

प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायला माझ्या तीन कसोट्या आहेत. दहावीच्या मुलाला तो दोन वाक्यांत सांगता यावा. त्याच संध्याकाळी पहिली आकृती काढता यावी. आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रोजेक्ट उभा राहावा. पट्टी-कंपासनं कोनाचे तीन समान भाग करायचे, असलं काही निवडलंत तर तिसऱ्या कसोटीवर आपटाल. ते होत नाही हे १८३७ मध्येच सिद्ध झालंय.

पायरी दुसरी: गाईडकडे जाण्याआधी

रिकाम्या हातानं जाऊ नका. “मॅडम, टॉपिक द्या ना” म्हणालात तर मागच्या वर्षीचा टॉपिक मिळेल. एका कागदावर प्रश्न, दोन आकृत्या आणि ‘आम्हाला असं वाटतंय’ असं एक वाक्य लिहून न्या. मॅडम त्यावर काट मारतील, ते चांगलंच. पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवा. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं मिळाली तरी पुरतात, पण ती तुम्ही मागायची असतात.

पायरी तिसरी: आकृती काढा, भरपूर काढा

इथून पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, म्हणजे पायऱ्या हवेत राहणार नाहीत.

त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की आतल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ मूळच्या एक चतुर्थांश. हे नववी-दहावीत झालंय. चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की समांतरभुज चौकोन मिळतो आणि त्याचं क्षेत्रफळ बरोबर निम्मं. हे व्हॅरिन्यॉनचं प्रमेय, त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापून आलं. एक चतुर्थांश, एक द्वितीयांश… मग पंचकोनाला काय? एक अट बदलली, प्रश्न तयार झाला.

जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर उघडा. मोफत आहे, मोबाइलवरही चालतं, पण हे काम लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्येच करा; बोटानं बिंदू ओढताना आकृती दिसत नाही. बहुभुजाचं साधन घेऊन पाच बिंदूंचा पंचकोन काढा, प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू घ्या, पाच मध्यबिंदूंचा दुसरा बहुभुज काढा. बाजूच्या यादीत प्रत्येक बहुभुजासमोर जो आकडा दिसतो तेच त्याचं क्षेत्रफळ. आतल्याला बाहेरच्यानं भागा, गुणोत्तर समोर येईल. आता शिरोबिंदू ओढा आणि तो आकडा बघत राहा.

इथे नवखे गट हमखास तीन ठिकाणी फसतात.

पहिलं, ते ‘नियमित बहुभुज’ हे साधन वापरतात. सोपं असतं, आकृती सुबक दिसते. पण त्या पंचकोनाचा बिंदू कसाही ओढला तरी तो नियमितच राहतो, फक्त लहान-मोठा होतो आणि फिरतो. गुणोत्तर जागचं हलत नाही, आणि गट खुशीत लिहून टाकतो की पंचकोनासाठी गुणोत्तर स्थिर आहे. नियमित पंचकोन एका दिशेनं ताणला तरी हेच होतं, कारण असं ताणल्यानं क्षेत्रफळांची गुणोत्तरं बदलतच नाहीत. तेव्हा पाच सुटे बिंदू घ्या आणि वेडेवाकडे ओढा.

दुसरं, दशांश स्थळं. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा दोनच दशांश स्थळं दाखवतं. नियमित पंचकोनाला ०.६५ दिसतं, आणि वहीत ‘तेरा विसांश’ लिहिलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन पाच-सहा स्थळं करा, ०.६५४५१ दिसेल. ते ३६ अंशांच्या कोसाइनचा वर्ग आहे. हवं असेल तर सुवर्ण गुणोत्तराच्या वर्गाचा चौथा हिस्सा म्हणा; पहिल्या आठवड्यात टाळलेला विषय असा मागच्या दारानं आला तर येऊ द्या.

तिसरं, बिंदू ओढता ओढता बाजू एकमेकींना छेदतात. सॉफ्टवेअर तरीही आकडा दाखवतंच, पण तो तुम्हाला डोळ्यांनी दिसणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ नसतो. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवा: आपण फक्त बहिर्वक्र पंचकोन बघतोय. ही अट वहीत ठळक लिहा. शेवटी सिद्धतेत ती नेमकी कुठे वापरली हे विचारलं जाणार आहे.

गट तिघांचा असेल तर कामं अशी वाटा: एकानं बिंदू ओढायचे, एकानं तक्ता भरायचा, आणि तिसऱ्यानं दोघांचं खोटं पाडायचं. तिसरं काम सगळ्यात हुशार मुलीला द्या.

पायरी चौथी: अटकळ मांडा आणि मोडा

सुटे बिंदू ओढले की कळतं, गुणोत्तर स्थिर नाही. पहिली अटकळ मेली. बरेच गट इथे नाराज होऊन विषय बदलायला येतात, आणि खरा प्रोजेक्ट तर आत्ता सुरू झालेला असतो. स्थिर नाही ना, मग किती फिरतं? जास्तीत जास्त कुठवर, कमीत कमी कुठवर?

आता डोळे मिटून ओढायचं नाही, टोकाचे आकार मुद्दाम तयार करायचे. पंचकोन जवळजवळ त्रिकोण होईल असा चेपा. त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी दोन-दोन शिरोबिंदू अगदी जवळ आणा आणि तिसऱ्या कोपऱ्यात एक ठेवा. गुणोत्तर ०.७५ कडे सरकतं. आता दुसरा आकार: त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत एकेक शिरोबिंदू, आणि उरलेले दोन एकाच बाजूवर एकमेकांना खेटून, बाहेरच्या अंगाला किंचित फुगवून. आता ०.५ कडे. दोन्हीकडे जवळ जातं, पण पोचत नाही; पोचायचं तर पंचकोन पंचकोन राहत नाही.

नवी अटकळ: बहिर्वक्र पंचकोनासाठी हे गुणोत्तर नेहमी अर्ध्यापेक्षा जास्त आणि पाऊणपेक्षा कमी. नियमित पंचकोनाचं ०.६५४५ या दोन टोकांच्या मध्येच पडतं. प्रत्येक टोकाच्या आकृतीचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख टाका, तक्त्यात शिरोबिंदूंचे निर्देशक लिहा. ‘आम्ही खूप आकृत्या तपासल्या’ हे वाक्य ब्लॅक बुकमध्ये काहीच सांगत नाही, तक्ता सांगतो.

पायरी पाचवी: सिद्धता

आकृती कितीही पटवून देत असली तरी ती सिद्धता नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि लिहिताना सगळे विसरतात.

सुरुवात आपल्याला येणाऱ्या गोष्टीपासून करा. आतला पंचकोन म्हणजे बाहेरच्या पंचकोनातून पाच कोपरे कापून उरलेला भाग. एका कोपऱ्याकडे बघा: शिरोबिंदू आणि त्याचे दोन शेजारी मिळून जो त्रिकोण होतो त्याला कोपरा-त्रिकोण म्हणू. कापलेला तुकडा त्या कोपरा-त्रिकोणाचा बरोबर चौथा हिस्सा, कारण तो दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडूनच कापलाय. म्हणजे नववीतला मध्यबिंदूचा नियमच. मूळ पंचकोनाचं क्षेत्रफळ क्ष आणि पाचही कोपरा-त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज ब असेल, तर

आतल्या पंचकोनाचं क्षेत्रफळ = क्ष − ब/४.

सगळा प्रश्न आता ब वर येऊन थांबला. गुणोत्तर अर्ध्याहून जास्त हवं म्हणजे ब हा २क्ष पेक्षा कमी हवा. पाऊणहून कमी हवं म्हणजे ब हा क्ष पेक्षा जास्त हवा.

पहिला भाग सुंदर आहे. पंचकोनाच्या आतला एखादा बिंदू जास्तीत जास्त किती कोपरा-त्रिकोणांत सापडेल? जे शिरोबिंदू शेजारी नाहीत त्यांचे कोपरा-त्रिकोण एकमेकांवर चढत नाहीत, कारण एकाच्या कापणाऱ्या कर्णाच्या पलीकडे दुसरा पूर्ण असतो. (बहिर्वक्रतेची अट इथे लागली. अधोरेखित करा.) पाच शिरोबिंदूंत एकमेकांचे शेजारी असलेले तीन मिळत नाहीत, म्हणून कुठलाही बिंदू दोनपेक्षा जास्त कोपरा-त्रिकोणांत नसतो. शिवाय पाच कर्णांच्या मध्ये जो छोटा पंचकोन तयार होतो तो एकाही कोपरा-त्रिकोणात नसतो. म्हणून ब हा २क्ष पेक्षा नक्की कमी. झालं. हीच मांडणी षट्कोन, सप्तकोन, सगळ्यांना चालते. त्रिकोण तेवढा निम्म्याखाली का गेला हेही कळतं: तिथे तिन्ही शिरोबिंदू एकमेकांचे शेजारी, त्यामुळे प्रत्येक बिंदू तीनदा मोजला जातो.

दुसरा भाग अडतो. तो अडू द्या. आठवडाभर अडला तरी हरकत नाही. कर्णांनी पंचकोनाचे अकरा तुकडे होतात, त्यांची नावं लिहा, कोणता तुकडा ब मध्ये कितीदा येतो ते मांडा. तेव्हा कळेल की बाजूंना लागून असलेले पाच तुकडे मिळून मधल्या पंचकोनापेक्षा मोठे आहेत एवढंच दाखवायचं राहिलंय. इथवर स्वतः पोचलात तर पुढची मदत पुस्तकातून घेतली तरी चालते. ती मदत म्हणजे गाउसचं पंचकोनाचं सूत्र: क्ष² − क्ष·ब + ग = 0, यात ग म्हणजे शेजारशेजारच्या कोपरा-त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणाकार करून केलेली बेरीज. ग धन आहे, म्हणून क्ष·ब हा क्ष² पेक्षा मोठा, म्हणून ब हा क्ष पेक्षा मोठा. दोन ओळी.

सूत्र वापरण्याआधी नियमित पंचकोनावर तपासा. क्ष एक धरला तर प्रत्येक कोपरा-त्रिकोण ०.२७६४ येतो, ब १.३८२, ग ०.३८२, बेरीज-वजाबाकी शून्य येते. कुठलंही उसनं सूत्र असं एकदा आकड्यांत घालून बघायची सवय लावून घ्या.

आणि षट्कोन? वरचं टोक पाऊण राहत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत दोन-दोन शिरोबिंदू नेऊन बघा, गुणोत्तर एकच्या जवळ जातं. पंचकोनालाच तेवढी पाऊणची वेसण का, हा तुमच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय.

पायरी सहावी: हे आधी कुणी केलंय का?

बहुधा केलंय. पंचकोनाचे वरचे निष्कर्षही माहीत असलेलेच आहेत. पदवीच्या पातळीवर त्यानं काही बिघडत नाही, फक्त ते लपवायचं नाही.

शोध कधी घ्यायचा यावर मतभेद आहेत. काही गाईड आधी वाचा म्हणतात. मला वाटतं आधी दोन-तीन आठवडे स्वतः खेळा, अटकळ वहीत तारखेसह लिहा, मगच वाचा. आधीच उत्तर वाचलं की स्वतःचा रस्ता सुचेनासा होतो.

इंग्रजी शब्दांनीच शोधा आणि एकाच गोष्टीची निरनिराळी नावं वापरून शोधा. मध्यबिंदू-बहुभुजालाच कास्नर बहुभुज असंही म्हणतात. गूगल स्कॉलर, अर्काइव्ह आणि झेडबीमॅथ ओपन ही तिन्ही ठिकाणं मोफत आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘रेझोनन्स’ आणि अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ ही नियतकालिकं तुमच्या पातळीला जमतील अशी आहेत. त्रिकोणात नवा बिंदू सापडला असं वाटलं तर क्लार्क किम्बरलिंग यांचा त्रिकोण-केंद्रांचा कोश आहेच. त्यात हजारो बिंदू आहेत आणि ६, ९, १३ बाजूंच्या त्रिकोणात तुमच्या बिंदूचा आकडा काढून तो यादीत शोधता येतो. पुण्यात असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेत एक चक्कर मारा.

चॅटबॉटबद्दल: शब्द शोधायला, इंग्रजी नीट करायला वापरा. सिद्धता मागू नका. तो ऐटीत दहा ओळी लिहून देतो आणि सातव्या ओळीत गृहीत धरायला नको ते गृहीत धरतो. ते तुमच्या लक्षात येत नाही, व्हायवाला सरांच्या येतं. मागितलीच असेल तर प्रत्येक ओळ स्वतःच्या आकृतीवर तपासा आणि वापर केल्याचं ब्लॅक बुकमध्ये लिहा.

वही

एक साधी दोनशे पानी वही, गटासाठी एकच. रोजची तारीख, काय करून बघितलं, काय फसलं. खाडाखोड राहू द्या, पान फाडू नका. पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रश्न ठरवायला दोन, आकृत्या आणि अटकळींना चार, सिद्धता आणि वाचनाला सहा आणि लिहायला तीन आठवडे ठेवा. लिहायचे तीन आठवडे कुणालाही देऊ नका, कॉलेजच्या गॅदरिंगला तर अजिबात नाही.

ब्लॅक बुक

वीस पानांत बसलं तर वीसच ठेवा. पहिल्या दोन पानांत प्रश्न, निष्कर्ष आणि यातलं आमचं काय, उसनं काय, हे सरळ सांगा: ‘आकृत्या, तक्ता आणि अर्ध्याची सिद्धता आमची. पाऊणच्या सिद्धतेत गाउसचं सूत्र वापरलं आहे.’ एवढी दोन वाक्यं असली की सुरुवातीचा तो प्रश्न कुणी विचारतच नाही. मोडलेल्या अटकळी एका छोट्या प्रकरणात जरूर घ्या. त्रिकोणाच्या इतिहासाची सात पानं घेऊ नका.

टायपिंगला लेटेक ही गणित टाइप करायची प्रणाली शिका. सुरुवातीला आठवडा जातो, पण वर्डमध्ये समीकरणं हलत राहतात त्यात त्याहून जास्त जातो. आकृत्या स्क्रीनशॉटऐवजी जिओजेब्रातून एक्स्पोर्ट करा, नाहीतर झेरॉक्समध्ये रेषा पुसट होतात. रंगावर भिस्त ठेवू नका. काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल आणि हिरवी रेषा सारखीच दिसते, तेव्हा एक तुटक काढा. प्लॅगरिझमचा रिपोर्ट सबमिशनच्या आठवडाभर आधी काढून घ्या आणि बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका, तिथे अख्खं विद्यापीठ उभं असतं.

व्हायवा

दहा मिनिटं मिळतात, त्यातली पाच त्यांची. स्लाइडवर सिद्धता वाचून दाखवू नका. जिओजेब्रा उघडून पंचकोन त्यांच्यासमोर ओढा, आकडा फिरताना दिसू दे, मग फळ्यावर पाच कोपरा-त्रिकोण काढून ‘कुठलाही बिंदू दोनदाच’ एवढं समजावा. इंटरनेट नसेल असं धरून जिओजेब्राची ऑफलाइन आवृत्ती लॅपटॉपवर ठेवा.

विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. बहिर्वक्रता कुठे वापरली? ती काढली तर काय होईल? बरोबर अर्धं कधी येतं? त्रिमितीत काय? गटातल्या कुणालाही कुठलाही प्रश्न येऊ शकतो, म्हणून आदल्या दिवशी ज्यानं फक्त तक्ता भरला त्याच्याकडून सिद्धता फळ्यावर लिहून घ्या. उत्तर माहीत नसेल तर अंदाज ठोकू नका. “हे आम्ही तपासलं नाही सर, पण पहिली आकृती अशी काढून बघू” म्हणून खडू हातात घ्या. काम नीट जमलं असेल तर गाईडना विचारून ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेच्या महाविद्यालयीन फेरीला नाव द्या. तिथे पोस्टर लागतं, आणि पोस्टरवर पंचकोन ब्लॅक बुकपेक्षा बराच बरा दिसतो.